ईईजी-एआय ऑनलाइन उन्हाळी इंटर्नशिप: यवतमाळकडच्या खेड्यातून करण्याजोगी आहे का?

आहे, नुसतं सर्टिफिकेट वाटप नाही. फिजिओनेट या मोफत वैद्यकीय डेटाच्या साइटवरचा ईईजी डेटा (डोक्यावरून मोजलेले मेंदूचे विद्युत संकेत) देतात, हात-पाय हलवताना किंवा तशी कल्पना करताना घेतलेला: 109 जण, 64 चॅनेल (डोक्यावरचे संवेदक), 160 हर्ट्झ (सेकंदाला 160 नोंदी). सगळा मिळून 3 जीबीच्या वर, तेव्हा गावच्या नेटवर आधी 10 जणांच्याच फाइली उतरवा. नॉच फिल्टर (डेटात मिसळलेली विजेच्या लाइनची गुणगुण काढणारा) 60 हर्ट्झवर लावा. आपली वीज 50 हर्ट्झची, पण रेकॉर्डिंग अमेरिकेतलं. खरी गोची पुढे आहे. एकाच माणसाच्या रेकॉर्डिंगचे तुकडे ट्रेनिंग आणि टेस्ट दोन्हीकडे गेले की अचूकता फुगते, कारण मॉडेल हालचालीऐवजी माणूसच ओळखायला शिकतं. विभागणी माणसानुसारच करा. मार्गदर्शक हे सांगतच नाहीत, इथे मी इंटर्नशिपचे गुण कापले. दुपारी लाइन गेली की कोलॅबचं (गूगलची ब्राउझरमधून कोड चालवायची सोय) सत्र तुटतं. ट्रेनिंगच्या दर फेरीला मॉडेल गूगल ड्राइव्हवर साठवा. पायथॉन अजिबात येत नसेल तर यंदा राहू द्या.