पावसाळ्यातला पुदिना आणि पाच ट्रेचे वाळवणयंत्र

कोकणात वाळवण हे मे महिन्याचे काम. आमसुले, आंबापोळ्या, फणसाचे पापड मृगाच्या आत डब्यांत गेले की सुटलो. परसातला पुदिना आणि गवती चहा मात्र फोफावतो तो नेमका पावसात, जेव्हा माळ्यावर सुपात पसरलेली पाने वाळण्याऐवजी काळी पडतात आणि त्यांना बुरशी येते. म्हणून गेल्या जूनमध्ये गुहागरच्या घरी साडेतीन हजारांचे, 250 वॉटचे विजेवर चालणारे वाळवणयंत्र आणले.

पुदिन्याच्या बाबतीत मला तक्रारीला जागा नाही. देठ काढून एकेरी थरात पसरलेली पाने 40 अंश सेल्सिअसवर साधारण पाच तासांत वाळतात, चुरली की कुरकुरतात आणि हिरवी राहतात; वीज फार तर सव्वा युनिट. गवती चहा कात्रीने पेराएवढा कापून घातला तर तोही चांगला वाळतो. एकदा घाईपोटी तापमान 60 अंशांवर नेले, तेव्हा घरभर सुगंध दरवळला आणि चहात निव्वळ गवताची चव उतरली, कारण पानांतले सुगंधी तेल त्या उष्णतेने उडून गेले होते. जाड, पाणीदार ओव्याच्या पानांचा नाद मी दुसऱ्याच खेपेला सोडला.

मुख्य दोष रचनेत आहे. पंखा तळाशी असल्याने खालचा ट्रे वाळून जातो तेव्हा वरचा लिबलिबीतच असतो, त्यामुळे दर तासाला ट्रे वर-खाली करावे लागतात, आणि माहितीपत्रकात याचा उल्लेखही नाही. खालच्या ट्रेवर थर्मामीटर ठेवून पाहिला, तर 40 च्या खुणेवर तो 46 दाखवत होता. तेव्हापासून मी खूण 35 वर ठेवते. जाळीची भोके मोठी असल्याने वाळलेली तुळस थेट पंख्यावर पडे. त्यावर जुन्या मच्छरदाणीचे गोल तुकडे कापून अंथरणे हा उपाय मला विक्रेत्याने नव्हे, शेजारच्या काकूंनी सांगितला.

वाळलेली पाने निवताच घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरावीत. श्रावणात ती तासभर उघडी राहिली तरी पुन्हा नरम पडतात. अर्ध्यावर वीज गेली, तर ती खेप बहुधा वायाच जाते.

ज्यांच्या परसात पावसाळ्यात पुदिना आवरत नाही, त्यांनी हे यंत्र जरूर घ्यावे, पण शक्यतो मागे पंखा असलेले. केवळ कढीपत्त्यासाठी घेऊ नये. तो दारात बारमाही ताजा मिळतो.