तालमीसाठी घेतलेला स्नायूंचा तक्ता

रावेरला आमच्या तालमीत येणारी बरीच पोरं दिवसा केळीच्या गाड्या भरतात. घड वाहून खांदा धरतो, पोटऱ्या भरून येतात, आणि संध्याकाळी जोर-बैठकांना हजर. दुखतंय ते नेमकं कुठलं, हे बोट ठेवून दाखवता यावं म्हणून जळगावच्या शैक्षणिक साहित्याच्या दुकानातून स्नायूंचा मोठा तक्ता आणला. फ्लेक्सवर छापलेला आहे, वर-खाली पट्टी आहे. घामेजल्या हातांनी चाचपला तरी रंग सुटत नाही.

पण पैसे वसूल होतात ते इंग्रजी नावांखाली बारीक अक्षरात दिलेल्या मूळ अर्थांमुळे. पोरांच्या तोंडी सतत 'मसल'. तो शब्द लॅटिन 'मुस्कुलुस'वरून आला, आणि त्याचा अर्थ छोटा उंदीर! दंड वळला की कातडीखाली काहीतरी सुळकन सरकतं, त्यावरून हे नाव पडलं असं मानतात. जुन्या ग्रीकमध्येही उंदराला आणि स्नायूला शब्द एकच. आपला मूषक त्याच कुळातला. हे वाचून एका पोराने लगेच बाही वर सारली. "भो, आपल्याकडं तर बेडूक आहे!" बेडकुळी म्हणायचं होतं त्याला. त्या दिवशी व्यायाम उशिरा सुरू झाला, पण मला फार बरं वाटलं.

पोटरीच्या मोठ्या स्नायूचं नाव गॅस्ट्रोक्नेमियस. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ पायाचं पोट. मांडीवरून तिरका उतरणारा सार्टोरियस हा शिंप्याचा स्नायू, शरीरातला सगळ्यात लांब. कमरेच्या बाहेरच्या बाजूने निघतो आणि गुडघ्याच्या आतल्या अंगाला जातो. मांडी घालून बसताना तोच कामाला येतो, आणि पूर्वीचे शिंपी तसेच बसून शिवायचे. हे कळल्यापासून ते नाव एकही पोरगा विसरलेला नाही. नुसतं पाठ करायला दिलं असतं तर दुसऱ्या दिवशी कुणाला आठवलं असतं?

मराठी नावांवर मात्र मी नाराज आहे. बायसेप्सला 'द्विशिरस्क' लिहिलंय. अर्थ बरोबर आहे, त्या स्नायूला वरच्या बाजूला दोन शिरं असतातच. पण शेजारी बेडकुळी लिहायला काय हरकत होती? पोटरीसुद्धा कुठेच नाही. रोजच्या बोलण्यातले शब्द गाळून छापलेला तक्ता गावातल्या पोरांना अर्धाच कळतो.

दुसरी उणीव पाठीची. मागून दिसणारं चित्र कोपऱ्यात लहान करून टाकलंय, आणि ओझं वाहणाऱ्यांचं सगळं दुखणं तर मानेत न् पाठीतच. शिवाय ट्यूबलाइटखाली फ्लेक्स चमकतो, त्यामुळे दिव्यासमोरची भिंत टाळा.

तालीम, शाळा, जिम, कुठेही लावायला बिनधास्त घ्या. पाठीचा वेगळा तक्ता मागवून देतो असं दुकानदार म्हणालेत. तो आला की तोही घेणार आहे.