पोटाचा ईजीजी करायचा की स्कॅन? आणि कॉम्प्युटरच्या रिपोर्टवर किती विसंबायचं

एन्डोस्कोपी नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल, आणि तरी दोन घास खाल्ले की पोट गच्च, दुपारचा वरणभात रात्री ढेकरेतून परत. लालबागच्या माझ्या मावशीचं वर्षभर हेच चाललंय, त्यात पंधरा वर्षांची शुगर. डॉक्टरांनी दोन नावं लिहून दिली, ईजीजी (इलेक्ट्रोगॅस्ट्रोग्राम, जठराच्या विजेच्या लाटांची नोंद) नाहीतर गॅस्ट्रिक एम्प्टिंग स्कॅन, आणि घरात इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला मी एकटाच म्हणून ती चिठ्ठी व्हॉट्सॲपवर माझ्याकडे आली. (ईसीजी नाही हो, ईजीजी. मावशीला तीनदा सांगितलं.)

स्कॅन सांगतो अन्न किती वेळात पुढे सरकलं. ईजीजी सांगतो जठर तालात चाललंय का. जठराच्या भिंतीत काहाल नावाच्या पेशी असतात, त्या मिनिटाला साधारण 3 विजेच्या लाटा सोडतात, म्हणजे 20 सेकंदाला एक. पोटावर पॅच चिकटवून ती लाट पकडायची. 1921 साली वॉल्टर अल्वारेझ यांनी अमेरिकेत ती पहिल्यांदा नोंदवली, तीही अशा बाईच्या पोटावरून की जिच्या पोटाची भिंत इतकी पातळ होती की जठराची हालचाल नुसत्या डोळ्यांनी दिसायची. तुमच्याआमच्या पोटावर मधे चरबीचा थर, त्यामुळे कातडीपर्यंत येईस्तोवर सिग्नल पार बारीक होतो.

आता ऑटोमॅटिक रिपोर्ट. हा बघून लोक लगेच भारावतात, कारण त्यात टक्केवारी असते. उपाशीपोटी एक रेकॉर्डिंग, मग खायला देऊन परत एक, आणि सॉफ्टवेअर सांगतं की एवढा वेळ ताल मिनिटाला 2 ते 4 लाटांच्या मधे होता, एवढा वेळ मंद, एवढा वेळ जलद. साधारण 70 टक्के किंवा जास्त वेळ नॉर्मल पट्ट्यात असला तर ठीक धरतात. पण आम्ही फायनल इयरला हाच प्रोजेक्ट केला होता, माझंच पोट, टेस्ट मील म्हणून वडापाव, आणि मित्राने जोक मारला की मी हसायचो आणि सॉफ्टवेअर बिनधास्त म्हणायचं मंद ताल! हसणं, खोकणं, कूस बदलणं याचा झटका जठराच्या लाटेपेक्षा कितीतरी मोठा असतो आणि तो सगळ्या फ्रिक्वेन्सींवर पसरतो. शिवाय एका मिनिटात लाटाच 3, तेवढ्यात काय कळणार, म्हणून बऱ्याचदा 4-4 मिनिटांचे तुकडे घेऊन हिशोब करतात, मग एका मिनिटाची गडबड चार मिनिटांच्या आकड्यात मिसळून जाते. खाल्ल्यावर पॉवर (म्हणजे सिग्नलचा जोर) वाढली तर जठर जोरात चाललं असं वाटतं, पण भरलेलं जठर फुगून कातडीजवळ येतं, त्यानेही आकडा वाढतो.

म्हणून मशीन फेकून द्या असं मी म्हणत नाहीये. तास-दीड तासाचा ग्राफ डोळ्यांनी मोजत बसणं कंटाळवाणं असतं, आणि दोन माणसं दोन वेगळे आकडे काढतात, मशीन किमान दरवेळी सारखंच मोजतं. फक्त खराब तुकडे आधी काढले का आणि मूळ ट्रेसिंग कोणी बघितलं का, हे दोन प्रश्न विचाराच.

नवीन प्रकारही आलाय, न्यूझीलंडच्या ऑकलंडमधल्या लोकांचा गॅस्ट्रिक अलिमेट्री, 2022 मध्ये एफडीएची (औषधं आणि उपकरणं तपासणारी अमेरिकेची सरकारी संस्था) परवानगी मिळालेला. चारपाच पॅचऐवजी 64 इलेक्ट्रोडची एकच शीट, अर्धा तास उपाशी आणि खाल्ल्यावर 4 तास, सोबत मळमळ, दुखणं वगैरे ॲपमधे टाकत राहायचं. ताल आणि त्रास एकाच वेळेच्या रेघेवर दिसतात, मला तर हे सगळ्यात कामाचं वाटतं. मिळत असेल तर साध्या ईजीजीपेक्षा हाच घ्या.

स्कॅनचं सरळ असतं. किंचित किरणोत्सारी पदार्थ कालवलेलं अंड्याच्या पांढऱ्याचं खाणं, 4 तासांत थोडेथोडे फोटो, आणि शेवटी 10 टक्क्यांपेक्षा जास्त अन्न जठरातच उरलं तर एम्प्टिंग स्लो. अंडं चालत नसेल तर आधी फोन करा, इडलीवर करणार असतील तर नॉर्मलचे आकडेही इडलीचेच आहेत का विचारा, नाहीतर तुलना कशाशी करणार. शुगर त्या दिवशी खूप चढलेली असली तर जठर तसंच मंदावतं, म्हणजे टेस्ट वाया. उलटीच्या, पोट हलवणाऱ्या गोळ्या किती दिवस आधी बंद करायच्या ते डॉक्टरांनाच विचारा, स्वतःच्या मनाने नको. दोन्ही टेस्टला हे लागू.

माझं मत असं, जुनी शुगर आणि खाल्लेलं वर येतंय तर आधी स्कॅन, कारण त्याच्या उत्तरावर औषध आणि जेवणाची पद्धत लगेच बदलता येते. स्कॅन नॉर्मल आला आणि त्रास तसाच, तर मग ईजीजी. नुसत्या ऑटोमॅटिक टक्केवारीवर गोळ्या सुरू करायला मी तरी तयार होणार नाही.

मावशीला गुरुवारी अंडं चालत नाही म्हणून शुक्रवार घेतला. 4 तासांनंतरही बरंच अन्न जठरातच होतं. आता दिवसातून सहा वेळा थोडंथोडं, मऊ खाते, तूप कमी केलंय म्हणून माझ्यावर रागावून आहे. ईजीजीची चिठ्ठी फ्रिजवर मॅग्नेटखाली तशीच आहे.