आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी: बाईक बंद पडायची आणि गॅरेजवाला पार्ट बदलत बसला

पुण्यात हडपसर भागातल्या एका मल्टीब्रँड गॅरेजने माझ्याकडून ९,८०० रुपये घेतले आणि बाईक होती तशीच परत दिली. तशीच म्हणजे अक्षरशः तशीच, ते पुढे येईलच. गॅरेजचं नाव टाकत नाही कारण तक्रार केलेली आहे आणि ती चालू आहे, पण काय काय झालं ते सगळं लिहितो, कारण ह्याच पद्धतीने खूप जणांचे पैसे जातायत आणि बाईक जुनी झाली आता काय करणार असं म्हणून लोक गप्प बसतात.

माझी बाईक १५० सीसी, २०२१ चं मॉडेल, म्हणजे बीएस सिक्स, कार्ब्युरेटर नाही, फ्युएल इंजेक्शन. राहायला सासवडला, काम हडपसर इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, त्यामुळे दिवे घाट रोजचाच. ह्याच गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग केलं, त्यात टॅपेट सेटिंग (इंजिनच्या व्हॉल्व्हची फट जुळवणं) पण करून घेतलं, आणि त्याच आठवड्यात संध्याकाळी घाट चढताना बाईक गचके द्यायला लागली. आधी पिकअप पडतो, थ्रॉटल कितीही पिळा गाडी ओढतच नाही, मग बंद. सेल्फ मारला तर इंजिन फिरतं पण पकडत नाही. थोडा वेळ साइडला उभी केली की काही झालंच नाही अशी चालू होते आणि घरापर्यंत नीट येते. एकदा मागे बायको बसलेली, अंधार पडलेला, रुंदीकरणाच्या कामामुळे रस्ता कुठे चांगला कुठे नुसती खडी, मागे डंपर, आणि बरोबर वळणावर गाडी बंद. तिने उडी मारून उतरून हात करून डंपर थांबवला. पैशाचं जाऊ दे, पण चुकीचं निदान करून गाडी परत दिली की माणूस रस्त्यावर मरू शकतो, हे ह्या गॅरेजवाल्यांच्या डोक्यात का येत नाही हाच माझा मूळ राग आहे.

गाडी दाखवायला नेली तेव्हा मी काऊंटरवरच्या पोराला तीन गोष्टी नीट सांगितल्या. एक, हे टॅपेट सेटिंगनंतर सुरू झालंय, आधी कधीच नव्हतं. दोन, टाकी फुल केली की लवकर बंद पडते, टाकी अर्ध्याच्या खाली असली की पडत नाही किंवा खूप उशिरा पडते. तीन, थांबली की आपोआप चालू होते. त्याने जॉब कार्डवर लिहिलं "गाडी बंद पडते". बस. बाकीचं काही नाही. आणि जो मेकॅनिक गाडीला हात लावणार तो आत, त्याच्याशी बोलायला मला जाऊ दिलं नाही, "कस्टमर अलाऊड नाही सर". म्हणजे निदानाला लागणारी सगळी माहिती काऊंटरवरच गळून गेली.

मग सुरू झालं अंदाजपंचे दाहोदरसे. पहिल्यांदा प्लग बदलला आणि थ्रॉटल बॉडी, इंजेक्टर क्लीनिंग केलं, सांगितलं कचरा होता. गाडी घाटात परत बंद. परत नेली तर म्हणे "दादा, पेट्रोलचा पंप गेलाय, गरम झाला की प्रेशर सोडतो". मी विचारलं प्रेशर किती आलं? तो माझ्याकडे बघतच राहिला. गेज लावला का विचारलं तर म्हणे "आवाजावरून कळतं आपल्याला". तरी घाटात बंद पडणारी गाडी चालवायची भीती वाटत होती म्हणून पंपाला हो म्हणालो. पंप ५,९००, क्लीनिंग १,२००, प्लग २५०, स्कॅनिंग म्हणून ६०० आणि दोन्ही वेळची मजुरी १,८५०. बिल मागितलं तर वहीचा कागद फाडून चिठ्ठी दिली, वर जीएसटी नंबर नाही, शिक्का नाही. जुना पंप मागितला तर "भंगारवाला घेऊन गेला". आणि दोन दिवसांनी टाकी फुल केली, घाटात परत तेच. फोन केला तर आता म्हणे ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, गेला असेल, बारा हजार तयार ठेवा.

बारा हजार ऐकल्यावर मी तिकडे जाणं बंद केलं. सासवडला एक पोरगा आहे, आयटीआय केलेला, पत्र्याच्या शेडमध्ये एकटाच काम करतो. त्याने गाडीला हात लावायच्या आधी मला स्टूल दिलं आणि विचारत बसला. कधी बंद पडते, चढावरच का सपाटीला पण, पेट्रोल किती असताना, बंद पडल्यावर लायटी चालू राहतात का, चेक इंजिनची लाईट लागते का, शेवटची टाकी कधी उतरवली होती. फुल टाकीचं ऐकल्यावर तो लगेच म्हणाला, "दादा, गाडी बंद पडली की फक्त पेट्रोलचं झाकण उघडा, कान देऊन ऐका, झाकण लावा आणि लगेच सेल्फ मारा. थांबू नका." दुसऱ्या दिवशी टाकी फुल करून मुद्दाम घाटात गेलो, बंद पडली, चावी लावून झाकण उघडलं तर फुस्स करून हवा आत ओढल्याचा आवाज आला, चांगला मोठा. झाकण लावलं, सेल्फ मारला, गाडी पहिल्या झटक्यात चालू. तिथेच निदान झालं, खर्च शून्य.

कारण समजून घ्या, सोपं आहे. टाकीतलं पेट्रोल जसं कमी होतं तशी तेवढी हवा आत यायला लागते, नाहीतर आत व्हॅक्यूम होतो. त्यासाठी झाकणापासून एक बारीक व्हेंटची नळी खाली येते, आणि पेट्रोलची वाफ मोकळी सोडायला आता परवानगी नसल्यामुळे ती नळी कॅनिस्टरकडे, म्हणजे वाफ शोषून घेणाऱ्या कोळशाच्या डब्याकडे जाते. टॅपेट सेटिंगला टाकी उतरवावी लागते. परत बसवताना ह्यांनी ती नळी टाकी आणि फ्रेमच्या मध्ये चेपवून ठेवली. हवा आत जायची बंद. चढावर पेट्रोल जास्त लागतं, आत व्हॅक्यूम वाढतो, पंपाला पेट्रोल ओढता येत नाही, इंजेक्टरला प्रेशर मिळत नाही, गाडी बंद. उभी केली की चेपलेल्या नळीतून थोडी थोडी हवा शिरते म्हणून परत चालू. आणि फुल टाकीत मोकळी जागाच कमी असते म्हणून व्हॅक्यूम लवकर होतो. मी सांगितलेल्या तिन्ही गोष्टी ह्या एका कारणात बसतात, एकही उरत नाही. कचरा, पंप आणि ईसीएममध्ये फुल टाकीवाली गोष्ट बसतच नव्हती, ती कोणी एक मिनिट विचारात घेतली असती तरी पंपापर्यंत गाडी गेली नसती.

आता फसवणूक. पोराने टाकी उचलली, नळी मोकळी केली, ती चपटी होऊन पांढरी पडली होती तेवढा तुकडा कापून नवीन टाकला. टाकी उलटी करून बघतो तर पंपाच्या प्लेटच्या बोल्टवर पिवळ्या मार्करची रेघ, बोल्टवरून प्लेटवर आलेली, सरळ, कुठे तुटलेली नाही. मी स्वतः कंपनीत क्वालिटीला आहे, टॉर्क मार्क, म्हणजे बोल्ट आवळल्यावर मारतात ती रेघ, माझ्या रोजच्या कामातला आहे. बोल्ट एकदा जरी सोडला तरी परत आवळताना ती रेघ जुळत नाही. इथे सगळ्या बोल्टच्या रेघा जुळत होत्या आणि बोल्टच्या खोबणीत चार वर्षांची माती घट्ट बसलेली. तो पंप कंपनीने बसवल्यापासून कोणी खोललेलाच नव्हता. मग सीट काढून स्कॅनर लावायचा कनेक्टर बघितला तर त्याची रबरी टोपी तशीच, वर धुळीचा थर, बोटाने पुसल्यावर काळा रंग दिसला. म्हणजे पंपाचे ५,९०० आणि स्कॅनिंगचे ६०० हे हवेत गेले. फोटो काढले, व्हिडिओ काढला, तारखेसकट.

गॅरेजवर गेलो तर आधी आवाज चढवला, "तुम्ही बाहेर गाडी खोललीत आता आमची जबाबदारी नाही". फोटो दाखवले तर म्हणे तसा मार्क आम्ही पण मारतो. मी म्हटलं माती पण तुम्हीच भरता का, तेव्हा मालकाला बोलवतो म्हणाला आणि मालक काही आला नाही.

सगळेच मेकॅनिक चोर आहेत असं माझं म्हणणं नाही, तो सासवडचा पोरगा पण मेकॅनिकच आहे. पण १ एप्रिल २०२० ला बीएस सिक्स आल्यापासून साध्या कम्युटर बाईकला पण इंजेक्शन, सेन्सर, ईसीएम आले आणि बऱ्याच गॅरेजेसनी शिकायच्या ऐवजी पार्ट बदलून बघायचा सोपा रस्ता धरला, कारण पार्ट चुकला तरी पैसे कस्टमरचेच जातात. स्कॅनर असला तरी तेच. समजा स्कॅनरवर पी ०३३५ कोड आला, त्याचा अर्थ क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड आहे एवढाच. वायर तुटलेली असेल, कनेक्टर गंजला असेल, सेन्सर गेला असेल, ते मीटर लावून बघावं लागतं. हे बघतात कोड आणि लगेच सेन्सर मागवतात.

आमच्याच डिपार्टमेंटमधल्या एकाची बाईक, सकाळी सेल्फ लागत नाही, तर गॅरेजने बॅटरी बदलली, ती पण उतरली, म्हणे बॅटरी डिफेक्टिव्ह आली, परत बदलली. कोणी चार्जिंग मोजलंच नाही. साधा मल्टीमीटर चारशे-पाचशेला मिळतो. गाडी बंद असताना चांगल्या चार्ज बॅटरीला साधारण १२.६ व्होल्ट दिसायला पाहिजेत, इंजिन चालू करून चार-पाच हजार आरपीएमला नेलं की साधारण १३.५ ते १४.५. तेवढे येत नसतील तर बहुतेक वेळा दोष बॅटरीत नसतो, तिला चार्जिंगच मिळत नसतं, मग कॉइल, आरआर युनिट (चार्जिंग आवरणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर) किंवा मधला कनेक्टर बघायचा. त्याचा कनेक्टर जळालेला निघाला, प्लास्टिक वितळून तपकिरी झालेलं. नुसतं डोळ्यांनी दिसत होतं ओ, सीटच्या बाजूचं कव्हर काढलं असतं तर.

आपल्याकडे तपासणीचे वेगळे पैसे द्यायची सवय नाही, हे पण खरं आहे. "नुसतं बघायचे पैसे कसले" म्हणतो आपण. मग गॅरेजवाला पार्टमध्येच कमावणार. मी आता स्वतःहून सांगतो, निदानाचे पाचशे घे, पण काय मोजलं, किती आलं आणि किती यायला पाहिजे होतं हे मला कागदावर दे. पंप गेला म्हणतोस ना, मग गेज लाव, माझ्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये किती प्रेशर लिहिलंय ते दाखव. जो चांगला मेकॅनिक असतो त्याला ह्याचा राग येत नाही, उलट तो उत्साहाने दाखवतो. जो चिडतो तिथून गाडी ढकलत न्यावी लागली तरी न्या. पार्ट बदलायला हो म्हणायच्या आधीच सांगून ठेवा की जुना पार्ट आणि नवीन पार्टचा बॉक्स दोन्ही मला पाहिजेत, आणि गाडी देताना त्या पार्टच्या बोल्टचा, प्लेटचा मोबाईलवर फोटो काढा. पंपासारखा पार्ट असेल तर टाकी उचलायला लावूनच काढा, एकदा गाडी हातातून गेली की आत काय झालं ते कळायला मार्ग नाही.

कायद्याचं पण सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरलेली आहे, त्यामुळे "कच्ची चिठ्ठी आहे आता कुठे तक्रार करणार" असं समजू नका. चिठ्ठी, यूपीआयचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवरचं बोलणं सगळं जपून ठेवा, मी पंपाचे पैसे यूपीआयने दिले ते आता कामाला आलं. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं. तिथे नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, फक्त दोन वर्षांच्या आत करायचं.

मी १९१५ वर तक्रार टाकली त्यानंतर गॅरेजवाल्याचा स्वतःहून फोन आला, तीन हजार देतो तक्रार मागे घ्या. नाही म्हणालो. पंप, स्कॅनिंग आणि मजुरी सगळे पैसे पाहिजेत, आणि नळी त्यांनीच चेपवली हे लेखी पाहिजे, नाही दिलं तर आयोगात जाणार, कागद तयार आहेत. नळी बदलल्यापासून फुल टाकीवर रोज घाट चढतोय, एकदाही गचका नाही. हडपसर, फुरसुंगी, मांजरी भागात कोणी अलीकडे चिठ्ठीवर पंप बदलून घेतला असेल तर एकदा टाकी उचलून बोल्टवरच्या रेघा बघून घ्या, आणि जुळत असतील तर काही विचारायला गॅरेजवर जायच्या आधी फोटो काढा.