सी-मध्ये रेगेक्सने शब्द बदलणं : हंगामभर पीसीआरई२ वापरल्यानंतर

लातूरच्या मोंढ्यातल्या आडत दुकानांच्या पट्ट्या छापणारा सी-मधला एक प्रोग्राम मी सांभाळतो. परराज्यातल्या खरेदीदारांना तोच मजकूर हिंदी नावांनी जातो. हरभऱ्याचा चना होतो, तुरीची अरहर. हे बदल रेगेक्सने, म्हणजे साचा (पॅटर्न) देऊन मजकूर शोधण्याच्या पद्धतीने होतात. आधी त्यासाठी पॉझिक्स या युनिक्स-लिनक्सच्या प्रमाणातली फंक्शनं होती, या हंगामात पीसीआरई२ ही रेगेक्सची वेगळी लायब्ररी.

पॉझिक्सचं थोडक्यात सांगतो. लिनक्सवर ते आयतं असतं, पण त्यातलं रेगएक्झेक हे शोधणारं फंक्शन जुळणी कुठून कुठपर्यंत एवढंच सांगतं. तुकडे जोडणं, बफर (निकाल ठेवायची जागा) वाढवणं सगळं आपल्याच अंगावर. त्यात रिकामी (शून्य लांबीची) जुळणी आली आणि पुढे सरकवलं नाही, की लूप तिथंच गरगरतो. शोधायला ठीक, बदलायला नको.

पीसीआरई२ २०१५मध्ये आलं, त्यात सबस्टिट्यूट नावाचं फंक्शनच आहे. ग्लोबल पर्याय दिला की सगळ्या जागा बदलतात आणि किती बदलल्या तो आकडा हाती येतो. ओव्हरफ्लो-लेंग्थ पर्याय तर मला फारच आवडला. बफर अपुरा पडला, तर स्ट्रिंग संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या शून्यासकट किती जागा लागेल ते कळतं, तेवढी मेमरी मॅलॉकने मागून फंक्शन पुन्हा बोलवायचं. देवनागरीची प्रत्येक खूण, मग ती काना असो की वेलांटी, यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत ३ बाइट खाते. तिथं अंदाजपंचे बफर टिकत नाही.

आता तक्रार. ‘तूर’ हा सुटा शब्द पकडायला दोन्ही बाजूंना बॅकस्लॅश-बी ही शब्दाच्या सीमेची खूण लावा. नुसता यूटीएफ पर्याय असेल तर काहीच सापडत नाही. यूसीपीही (अक्षरांचे युनिकोडमधले गुण बघायला लावणारा पर्याय) चालू केला तर ‘तूर’ सापडते, पण ‘लातूर’चंही ‘लाअरहर’ होतं! कारण यूसीपीच्या हिशेबी काना हा शब्दाचा भागच नाही. ‘ल’वर शब्द संपला आणि ‘त’पासून नवा सुरू झाला असं ते धरतं. मराठीसाठी बॅकस्लॅश-बी विसरा. आधी-नंतर अक्षर किंवा मात्रा नको अशी मागे-पुढे बघणारी अट लिहा, ‘एल’ (अक्षरं) आणि ‘एम’ (मात्रांसारख्या खुणा) हे दोन्ही युनिकोड गट घेऊन. हे जमलं की ‘लातूर’ शाबूत राहतं. मात्र ‘तुरीचा’, ‘तुरीला’ ही रूपं वेगळी द्यावीच लागतात, तिथं कुठलीही लायब्ररी मदतीला येणार नाही.

सी-च्या स्ट्रिंगमध्ये प्रत्येक बॅकस्लॅश दुहेरी लिहायचा. पीसीआरई२चं हेडर जोडण्याआधी कोड युनिटची (मजकुराच्या एका एककाची) रुंदी ८ बिट अशी डिफाइन करायची. आणि पॅटर्न दर ओळीला कंपाइल करत बसू नका, सुरुवातीला एकदाच करून ठेवा.