पद्मिनीच्या वरच्या होजमधली गाळणी: नऊ महिने वापरल्यानंतर

आमची प्रीमियर पद्मिनी 1986 ची, बाबांनी नवी घेतलेली. 1089 सीसीचं इंजिन, ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं आणि पुढे तांब्या-पितळेचा रेडिएटर. तीन वेगळे धातू आणि त्यांच्यातून फिरणारं एकच पाणी. हे पाणी साधं असलं की बीड गंजतं, आणि बोअरचं असलं की वर क्षारांचा थर चढतो. आमच्या गाडीत पस्तीसेक वर्षं जे हाताला लागेल ते पाणी पडलं: पेट्रोल पंपावरचं, ढाब्यावरच्या हापशाचं, एकदा तर ओढ्याचंही.

दोन वर्षांपूर्वी गाडी घाटात तापायला लागली. रेडिएटर उतरवून तो दुरुस्त करणाऱ्या चाचांकडे नेला. त्यांनी वरची टाकी झाळ सोडवून उघडली आणि मला जवळ बोलावलं. नळ्यांची तोंडं ओळीने दिसत होती आणि जवळजवळ निम्मी तांबूस चिखलाने बुजलेली होती. त्यांनी एकेका नळीत पातळ पट्टी घालून रॉडिंग केलं, टाकी परत झाळून दिली. गाडी मस्त चालली. आठ महिन्यांनी पुन्हा तेच. दुसऱ्या वेळी चाचा म्हणाले, "दादा, हा कचरा रेडिएटरमध्ये तयार होत नाही. इंजिनातून येतो. मी इथे कितीदा साफ करून देऊ?"

ते खरंच होतं. ब्लॉकमध्ये पाणी सिलिंडरांभोवती फिरतं आणि मागच्या बाजूला, चौथ्या सिलिंडरपाशी, त्याचा वेग कमी असतो. गंजाचा गाळ तिथे बसतो. गाडी गरम-थंड होत राहते, पापुद्रे सुटतात आणि वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, त्यांना हेडमधून वरच्या होजने, म्हणजे रबरी नळीने, थेट रेडिएटरच्या वरच्या टाकीत नेऊन टाकते. रेडिएटरच्या चपट्या नळ्या या सगळ्या प्रवासातली सर्वांत अरुंद जागा. अडकायचं ते तिथेच अडकतं.

म्हणून या वेळी रेडिएटरला नवा कोअर, म्हणजे नळ्यांचा आतला संच, बसवला आणि वरच्या होजमध्ये गाळणी टाकली. ॲल्युमिनियमचा नळकांड्यासारखा तुकडा, आत स्टीलच्या बारीक जाळीचा शंकू, दोन्ही टोकांना होज चढवून क्लिप आवळायची. अंगावर बाण कोरलेला असतो, तो रेडिएटरकडे ठेवायचा. मला 2,200 रुपयांना पडली. याच गाळणीचा पारदर्शक प्रकारही मिळतो, न उघडता आतला कचरा दिसतो. पण बॉनेटखालच्या उष्णतेत प्लास्टिकवर माझा भरवसा नाही, म्हणून धातूची घेतली.

बसवणं अर्ध्या तासाचं काम, पण दोन गोष्टींत घाई करू नका. होजचा आतला व्यास व्हर्नियरने मोजूनच गाळणी मागवा, अंदाजाने नको. आणि होज कापायचा तो सरळ भागात. वळणावर कापलात तर क्लिप नीट बसत नाही आणि गाळणीच्या वजनाने होज पंख्याकडे झुकतो. मी मूळ होज जपून ठेवला आणि कापाकापी नव्यावर केली.

त्याआधी ब्लॉक धुतला. ड्रेन कॉक उघडला तर थेंबही येईना. आत कडक तार घालून दोन-तीनदा फिरवली तेव्हा आधी बुळबुळीत, चॉकलेटी गाळ दोरीसारखा बाहेर आला, मग खडे, मग एकदम पाणी. बादलीच्या तळाशी बोटभर थर साचला होता. नंतर लिंबूफूल पाण्यात विरघळवून भरलं, थोडी गाडी चालवली आणि भरपूर साध्या पाण्याने धुऊन काढलं. लिंबूफूल गंज सोडवतं, पण हेड ॲल्युमिनियमचं आहे, त्यामुळे ते आत मुक्कामाला ठेवायचं नाही. धुण्याच्या सोड्याचा सल्लाही बरेच जण देतात. तो तर ॲल्युमिनियमला खातोच. पद्मिनीत टाकू नका.

आता मुख्य अनुभव. गाळणी पहिल्यांदा 100 किलोमीटरला उघडली. जाळीत चमचाभर माल होता आणि तो काय होता हे बघण्यासारखं होतं. वर्तमानपत्रावर वाळवून भिंगाखाली पाहिला. तांबडे पापुद्रे सर्वांत जास्त. पांढरट, खडूसारखे कण, म्हणजे क्षार. काळ्या रबराचे बारीक तुकडे, जुन्या होजच्या आतल्या अस्तराचे. आणि करड्या सिलिकॉनच्या अळ्या, तीन-चार मिलिमीटर लांब! कधीतरी वॉटर बॉडी बसवताना मेकॅनिकने गॅस्केटला हात सैल सोडून सिलिकॉन लावलं असणार. दाबून आत गेलेली कड सुटून पाण्यात फिरत होती. अशी एक अळी एक नळी कायमची बंद करायला पुरेशी आहे. नव्या कोअरचे पैसे मोजून आठवडाच झाला होता, त्यामुळे ते तुकडे जाळीत बघून मला फार हायसं वाटलं.

कोपऱ्यात पिवळसर लगदाही होता. बाबांना दाखवला तर त्यांनी लगेच ओळखलं: "हळद आहे ती. महाडला रेडिएटर गळत होता तेव्हा टाकली होती." रेडिएटर गळायला लागला की हळद टाकायची ही जुन्या ड्रायव्हर मंडळींची युक्ती, आणि अडीअडचणीला तिने अनेकांना घरी पोचवलंय. पण गाळणी बसवल्यावर हळद किंवा गळती थांबवणारी कुठलीही पावडर टाकू नका. जाळीवरच बसेल आणि पाणीच थांबेल.

दुसरी सफाई 300 किलोमीटरला केली, माल निम्म्यावर. मग मी निर्धास्त झालो आणि इथेच चूक झाली. तिसऱ्या महिन्यात ब्लॉक पुन्हा एकदा लिंबूफुलाने धुतला, सुटलेला गंज जाळीत येणार हे माहीत असूनही गाळणी न उघडता पाचगणीला निघालो. खंबाटकी नीट चढलो. वाईच्या पुढे पसरणी घाटात, निम्म्यावर, डॅशबोर्डखाली बसवलेल्या तापमानाच्या मीटरचा काटा 100 च्या पुढे. बाजूला घेतली. वरचा होज गाळणीच्या इंजिनाकडच्या बाजूला दगडासारखा टणक, रेडिएटरकडच्या बाजूला त्या मानाने मऊ. पाऊण तास कॅपला हात न लावता थांबलो, मग गाळणी उघडली. शंकू गंजाच्या पेस्टने लिंपल्यासारखा झाला होता. बाटलीतल्या पाण्याने धुतला, परत बसवला, कमी झालेलं पाणी भरलं आणि काटा जागेवर आला. पाचगणी सुमारे 1,300 मीटर उंचीवर आहे, तिथे उघड्या भांड्यात पाणी 96 अंशांच्या आसपासच उकळतं. त्यामुळे अशा वेळी हाताशी सवड कमी असते, आणि रेडिएटरच्या कॅपचं रबर जुनं असेल तर आणखी कमी. मी त्याच आठवड्यात कॅपही बदलली.

तेव्हापासून माझा नियम असा: धुणं झालं की पहिल्या 50 किलोमीटरला जाळी उघडायची, एरवी दर 1,000 ला आणि मोठ्या घाटाच्या आदल्या दिवशी. नुसतं पाणी भरणं पूर्ण बंद. बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर आणि हिरवा, जुन्या पद्धतीचा कूलंट, निम्मे-निम्मे. कूलंट चवीला गोड आणि विषारी असतो, म्हणून जाळी धुताना खाली परात ठेवतो. आमच्या सोसायटीत मांजरं आहेत, कुत्री आहेत. जमिनीवर एक थेंब राहू देत नाही.

तक्रारी दोन. सोबत आलेल्या क्लिपा हलक्या होत्या, एकीने होज कापला आणि बारीक झिरपा सुरू झाला. चांगल्या रुंद क्लिपा वेगळ्या घ्या. दुसरी, गाळणीच्या आतलं चुंबक. विकताना त्याचं फार कौतुक करतात. काळा गंज त्याला चिकटतो, पण तांबड्या गंजाला चुंबक जवळजवळ धरतच नाही, आणि आपल्या गाड्यांत तांबडाच जास्त. काम जाळी करते. अगदी पिठासारखा गाळ तर जाळीतूनही पार होतो, त्याला धुण्याशिवाय उपाय नाही.

एवढं असूनही मी ही गाळणी प्रत्येक जुन्या गाडीवाल्याला घ्यायला सांगेन. नवा कोअर टाकलेला असेल तर आजच. रेडिएटर आधीच बुजलेला असेल तर मात्र हिच्या नादी लागू नका, ती आत गेलेला कचरा काढत नाही. आधी रेडिएटर चाचांसारख्या जाणत्या माणसाकडे न्या. मुंबईतल्या शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली. भंगारातून पद्मिनीचं सामान निघायचं तेही आता आटत चाललंय. जे अंगावर आहे ते टिकवायलाच हवं.

आज 4,000 किलोमीटर झाले. परवा ताम्हिणीला जाण्याआधी जाळी उघडली: दोन-तीन तांबडे ठिपके आणि स्वच्छ हिरवं पाणी. इन्फ्रारेड थर्मामीटर वरच्या टाकीवर धरला तर 86, खालच्या टाकीवर 73. बाबा शेजारी उभे होते. त्यांनी जाळी हातात घेऊन उजेडाकडे धरली, पुसली आणि स्वतःच परत बसवली.