पॅकेटवर ‘डिजिटल’, बिलावर नुसतं ‘आर्ट कार्ड’

गडद निळ्या रंगाची, मधोमध घडी असलेली माहितीपत्रकं छापून दिली आणि तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक सगळा गठ्ठा घेऊन परत आलं. घडीवर पांढरी रेघ, आणि बोट फिरवलं की बोट निळं. नखाने हलकं खरवडलं तर टोनर (डिजिटल मशीनमधली रंगाची भुकटी) पापुद्र्यासारखा सुटला. खाली कागद कोराच्या कोरा, चकचकीत.

घडी ग्रेनच्या, म्हणजे कागदातल्या तंतूंच्या दिशेच्या, आडवी गेली की टोनर तडकतो, म्हणून आधी तिकडेच संशय गेला. पण सपाट भागातही तेच होत होतं. कागदवाल्याला फोन केला. तो म्हणाला, “साहेब, कागद एक नंबर आहे. तुमचा फ्यूजर गेलाय. माझ्या ओळखीचा माणूस पाठवतो.” फ्यूजर म्हणजे टोनर तापवून कागदावर चिकटवणारा मशीनचा भाग. तो माणूस आला, एकही प्रिंट न काढता त्याने फ्यूजर बदलायला सांगितलं, आणि मी बदलला. जुना फ्यूजरही तोच घेऊन गेला. मी मागितलासुद्धा नाही, याची चुटपुट अजून जात नाही. नवीन फ्यूजरवरची पहिलीच प्रिंट खरवडली. पुन्हा तोच पापुद्रा.

मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. कपाटात मागच्या खरेदीतली चार शीट्स उरली होती. तीच फाइल, तेच सेटिंग, तेच मशीन. प्रिंट थंड होऊ दिली, चिकटपट्टी दाबून लावली आणि झटक्यात ओढली. जुन्या शीटवरून पट्टी स्वच्छ निघाली, नव्या शीटवरून अख्खी निळी. म्हणजे मशीन ठणठणीत होतं. मशीनमध्ये कागदाचा प्रकार ‘जाड कोटेड’ (कोटेड म्हणजे वरून गुळगुळीत थर, म्हणजेच कोटिंग, दिलेला) करून पाहिला. त्यात वेग कमी होतो आणि उष्णता जास्त मिळते. टोनर थोडा बरा धरला, पण शीट्स वाकल्या आणि कोटिंगवर बारीक फोड आले. कागदात ओलावा अडकलेला असला की असे फोड येतात.

ऑफसेटची, म्हणजे प्लेटवरून होणाऱ्या छपाईची, शाई कोटिंगमध्ये थोडी मुरते आणि वाळते. टोनर मुरत नाही. ती प्लॅस्टिकची भुकटी आहे, फ्यूजरच्या उष्णतेने आणि दाबाने वितळून कागदाला वरून चिकटते. कोटिंग त्या उष्णतेसाठी बनवलेलं नसेल तर पकडच बसत नाही. काही ऑफसेट कागद डिजिटलवर चालूनही जातात, पण तो जुगार मी पैसे मोजून घेतलेला नव्हता.

वजनकाटा काढला. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. 12 बाय 18 इंचाच्या, 300 जीएसएमच्या 10 शीट्स साधारण 418 ग्रॅम भरायला हव्यात. भरल्या 361, म्हणजे जेमतेम 260 जीएसएम. इतक्या पातळ कागदाला फ्यूजरची ऊब उलट जास्तच मिळायला हवी, तरी टोनर सुटत होता. पॅकेटवरचं ‘डिजिटल कोटेड 300’ लेबल सोललं तर खाली आणखी एक लेबल होतं. खालच्यावर ‘डिजिटल’ हा शब्द नव्हता, आणि आकडा 260 होता.

बिल काढून पाहिलं. त्यावर नुसतं ‘आर्ट कार्ड’. ना जीएसएम, ना डिजिटल. भांडायला गेलो तर त्याने तेच बिल माझ्यापुढे धरलं आणि फोडलेलं पॅकेट परत घेत नाही म्हणाला.

तुम्ही कोटेड कागद घेत असाल तर जीएसएम आणि ‘टोनर मशीनसाठी’ हे शब्द बिलावर लिहून घ्याच. सगळा माल उतरवण्याआधी एकच पॅकेट आणा, 10 शीट्स तोला, गडद रंगाचा भरीव चौकोन छापा, थंड झाल्यावर पट्टी लावून ओढा, घडी घालून नख फिरवा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. आणि फ्यूजरला हात लावू देण्याआधी दुसऱ्या लॉटच्या कागदावर प्रिंट काढून बघा. कागद विकणाऱ्यानेच पाठवलेला माणूस कागदाला दोष देणार नाही.

माहितीपत्रकं मी पदरमोड करून पुन्हा छापून दिली. उरलेली पॅकेट्स एका ऑफसेटवाल्या मित्राला दिली. त्याच्याकडे त्याच कागदावर गडद निळा रंग इतका सुरेख बसला की नखाने कितीही खरवडलं तरी हलला नाही.